कुदावरचे तीन दिवस

बूढापारा

आमच्या घरात गेली सात-आठ वर्षं कुणीच हळू बोललेलं नाही. यात भांडणाचा काही संबंध नाही. माझे यजमान, विलास, रायपूरजवळ उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये सव्वीस वर्षं आहेत, सध्या शिफ्ट सुपरवायझर. लाल लोखंड जिथे तासन् तास धडधडत पुढे सरकतं, तिथे माणसं ओरडूनच बोलतात, आणि ती सवय यांच्याबरोबर घरी आली. मी शाळेत हिंदी शिकवते, म्हणजे माझाही आवाज काही लहान नाही. त्यात घर बूढापाऱ्यात, तळ्यापासून दोन गल्ल्या आत. दाराला घासून स्कूटर जातात आणि समोरची पिठाची गिरणी सकाळी सातला सुरू होते. आमची लेक रेवा भिलाईला नोकरी करते. पोट्टीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देते. फोनवर ती हमखास विचारते, "मम्मी, आप लोग बात करते हो कि अनाउंसमेंट?"

यांना ऐकू कमी येतं हे मला माहीत होतं. किती कमी, ते माहीत नव्हतं. कारण त्यात मला काही मेळ लागत नव्हता. मी स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या तरी हे ढिम्म. पण मिलमधले दुबेजी खाली गल्लीतून घोगऱ्या आवाजात "विलास भैया" म्हणाले की हे लगेच उठून गॅलरीत. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, वरण करपलं, तरी हे पेपर वाचत बसलेले. आणि दूर सडकेवर ट्रकमधून काही जड टाकलं की मान वर करून म्हणणार, "सळई उतरवून राहिले वाटते." मी याचा एकच अर्थ काढला होता, की ज्याचं ऐकायचं त्याचंच हे ऐकतात. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईनं असा अर्थ काढला तर तिचं फार चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या पंचवीस वर्षांचीच भेट म्हणून रेवानं हा प्रवास ठरवला. पाणी पाहायचं तर रायपूरची माणसं गंगरेलच्या धरणावर जातात. आम्हीही गेलो आहोत, पण दर वेळी दोन जीपा, नणंदा, भाचे आणि पुरीभाजीचे डबे सोबत. दोघंच असे आम्ही कधी कुठे गेलोच नव्हतो. रेवानं हिराकुदच्या धरणाच्या पाण्यातलं एक बेट शोधून काढलं. त्यावर पाच घरं आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. "ना डीजे, ना नेटवर्क, ना पड़ोसी," ती म्हणाली. "तीन दिन बस शांति."

मी हरखले. हे म्हणाले, "तीन दिवस तिथं करायचं काय?"

"काही नाही करायचं. तेच तर आहे."

"हव," हे म्हणाले. छत्तीसगढी 'हव' हा यांचा लाडका शब्द आहे. होकार, नकार, कंटाळा, सगळं त्यात मावतं.

पहिला दिवस

आमची जुनी गाडी घेऊन निघालो. सरायपालीला चहा, बरगढला दुसरा चहा, आणि तिथून पुढे मुख्य रस्ता सोडला. साल आणि मोहाच्या झाडांतून एक उतार लागला आणि त्या उताराच्या टोकाशी एकदम पाणीच पाणी. मी समुद्र दोनदा पाहिला आहे. हे पाणी तितकंच मोठं, फक्त लाटा नव्हत्या. डिसेंबरचं ऊन त्यावर पातळ पसरलं होतं आणि पलीकडचा किनारा नुसत्या एका निळ्या रेषेसारखा दिसत होता.

न्यायला सुदाम आले होते. साठीचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांची मोटरबोट म्हणजे लाकडी होडीला बसवलेलं शेतातल्या पंपाचं इंजिन. बोट निघाली तसा तो भडभडाट सुरू झाला. मी मनात म्हटलं, शांततेची सुरुवात चांगली झाली! हे मात्र इंजिनाशेजारी जाऊन बसले आणि सुदामभाऊंशी त्याच्या पट्ट्याबद्दल बोलू लागले. यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत इतका मोकळा पाहिला नव्हता.

सुदामभाऊंनी वाटेत सांगितलं की आमच्याखाली त्यांच्या आजोबांचं गाव आहे. धरण झालं तेव्हा गाव बुडालं, माणसं चहूकडे पांगली. गावामागची टेकडी तेवढी वर राहिली, तेच हे बेट. तिकडच्या भाषेत बेटाला 'कुद' म्हणतात. हिराकुद या नावातलं कुद तेच. मला आजवर ते नुसतं एका धरणाचं नाव वाटत होतं.

कुद अगदी लहान निघालं. एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तर अर्धा तास. मधे टेकाड, त्यावर मोहाची आणि चारोळीची झाडं, उतारावर मातीची पाच घरं. भिंती लाल मातीनं सारवलेल्या, खालचा पट्टा काळा. आमची खोली सगळ्यात शेवटी, तिच्या ओट्यावरून पाय खाली सोडले की दहा पावलांवर पाणी.

सुदामभाऊंची बायको कुंती. ठेंगणी, हसरी, शब्दाला शब्द जोडत जाणारी. तिचं हिंदी ओडियात भिजलेलं होतं, पण माझं तरी कुठे शुद्ध! खोलीत सामान ठेवतोय तोच ती दारात येऊन यांना म्हणाली, "भैया, माछ खाएंगे?"

हे उठले, बॅग उघडली, खालपर्यंत हात घालून शोधाशोध केली आणि तिच्या हातात माचिस ठेवली. कुंती माचिसकडे पाहते आहे, हे तिच्याकडे. मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले. "अहो, मासे म्हणते ती! मासे खाल काय म्हणून विचारून राहिली!" मी ओरडले तशी समोरच्या झाडावरची बगळ्यांची रांग उडून गेली. हे स्वतःही हसले, पण जरा उशिरा.

जेवण काय सांगू! मोहरीतला मासा, गरम भात, आणि 'आंबिल'. आंबिल म्हटल्यावर मला ज्वारीची आंबील डोळ्यांपुढे आली, माझी सासू पवनीला उन्हाळ्यात करायची ती. इथली आंबिल म्हणजे भेंडी, वांगं, मुळा आणि बांबूचे कोंब घातलेली आंबट भाजी. शेवटी पाण्यात भिजवलेला भात कांदा-मिरचीबरोबर आला तेव्हा मी कुंतीला सांगितलं, "हे तर आमचं बासी!" ती म्हणाली, "हमारा पखाल." आम्ही दोघी आपापल्या नावावर ठाम राहिलो.

दुपारी वारा पडला. मी ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळानं लक्षात आलं की आपल्याला काहीच ऐकू येत नाहीये. मग हळूहळू एकेक येऊ लागलं. वाळकं पान पडल्याचं. दूर कुणीतरी वल्हं पाण्यातून काढल्याचं. एक मासा उसळून पडल्याचं. माझ्या खांद्यांवरून कुणीतरी ओझं उतरवावं तसं वाटलं. शाळेची घंटा, गिरणी, हॉर्न, सगळं गेलं. "किती शांत आहे ना," मी म्हणाले.

हे जागेवरून उठले. खोलीत गेले, बाहेर आले. फोनवर एक जुनं भजन लावलं, तेही मोठ्यानं. मी बंद करायला लावलं. मग ओट्याच्या कडेवर बोटांनी ताल धरला. मी हात धरून थांबवला. मग हे सरळ सुदामभाऊंकडे गेले आणि त्यांना बोटीचं इंजिन कसं चालतं ते पुन्हा दाखवायला सांगितलं. मी पाहत होते. पाण्यावर चालायची नाही ती बोट, किनाऱ्यालाच बांधलेली, आणि हे त्या भडभडाटाशेजारी डोळे मिटून बसलेले.

संध्याकाळी मी बोललेच. "पंचवीस वर्षांत तीन दिवस माझ्यासंग निवांत बसता येत नाही तुम्हाले?"

"तसं नाही मंजू."

"मग कसं?"

"काही नाही," हे म्हणाले आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळत राहिले.

दुसरा दिवस

सकाळी कुंतीनं मला कुद फिरवून आणलं. पुसपुनी, म्हणजे पौषाची पुनव, आठवड्यावर आली होती, घरोघरी तांदूळ भिजत होते. आमच्या छत्तीसगढात त्याच पुनवेला छेरछेरा असतो, पोरंटोरं धान मागत दारोदार फिरतात. इथेही तेच. मी म्हटलं, "पाच घरांत किती फिरणार?" कुंती म्हणाली की बाहेर गेलेले सगळे त्या दिवशी बोटीनं येतात, पाचांची पंचवीस घरं होतात. तिचे दोन्ही मुलगे सुरतेला. लेक संबलपूरला. "बाकी दिन हम और ये," तिनं किनाऱ्यावर जाळं झटकणाऱ्या सुदामभाऊंकडे हनुवटी केली. "झगड़ा भी धीरे करते हैं. पानी पर सबको सुनाई देता है."

हे ऐकून मी चांगलीच ओशाळले. काल संध्याकाळचं आमचं सगळं पाचही घरांनी ऐकलं असणार.

परत येताना चिखलात माझी एक चप्पल रुतली ती रुतलीच. कुंतीनं हात कोपरापर्यंत घालून शोधली, मिळाली नाही. उरलेले दिवस मी तिच्या रबरी चपला घालून फिरले, टाचा दोन बोटं बाहेर.

दुपारनंतर आम्ही दोघं पश्चिमेच्या टोकाला गेलो. पाण्यावर चक्रवाकांच्या जोड्या उतरल्या होत्या. विटकरी रंगाचे, डोकं फिकट. थंडीत दूर उत्तरेकडून येतात म्हणे. त्यांची ती नाकातली ओरड पाण्यावरून येत होती. "ऐका," मी म्हटलं. यांनी लगेच मान डोलावली, पण पाहत होते भलतीकडेच, जिथे काहीच नव्हतं.

त्या जागी इतकं बरं वाटत होतं की मी एक गोष्ट बोलून गेले. कित्येक दिवस मनात होती. घरी ती ओरडून सांगता आली नसती, आणि हळू बोलायची तर आमच्या घराला सवय नाही. मी पाण्याकडे पाहत म्हणाले, की रेवा भिलाईला गेल्यापासून मला घर खायला उठतं. तुम्ही मिलमध्ये असता, घरी आले की पेपरात असता. मी भाजी चिरताना एकटीच बोलत असते, वर्गात शिकवल्यासारखी, आणि मग माझीच मला भीती वाटते. एवढं बोलायला मला बराच वेळ लागला.

"हव," हे म्हणाले.

मी वाट पाहिली. हे बोट दाखवून म्हणाले, "तो पाहा, पाणकावळा. पंख वाळवून राहिला."

मी उठले आणि चालू लागले. मागून हे येत होते. खोलीशी आल्यावर म्हणाले, "मंजू, उद्या सकाळीच निघू काय? मले नाही जमून राहिलं इथं."

मी म्हणाले, "निघा. तुम्ही निघा. मी चारच्या बोटीनंच येईन."

तेही बहुधा यांना नीट ऐकू गेलं नसावं. मी मुद्दाम हळूच म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

जाग आली तेव्हा उजाडलं होतं, पण दारात काहीच नव्हतं. ओटा होता, ओट्याखाली दोन पायऱ्या होत्या, आणि त्यापुढे पांढरं. इतकं दाट धुकं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. यांची गादी रिकामी, खुंटीवरचा मफलर नाही. मला वाटलं, इंजिनाकडे गेले असतील. धुक्यातून चाचपडत किनाऱ्याशी आले तर सुदामभाऊ आणि कुंती दोघंही तिथेच उभे. बोट जागेवर होती. बोटीशेजारी बांधलेला लहान डोंगा नव्हता.

"भैया ले गए," कुंती म्हणाली. "मैंने देखा, तब कुहासा नहीं था. बोले, थोड़ा चलाकर आता हूँ."

डोंगा चालवणं यांना नवं नव्हतं. पवनीला वैनगंगेच्या काठी वाढलेला माणूस, लहानपणी ढिवरांच्या डोंग्यांतच पडून असायचे. पण ती नदी होती. तिला दोन काठ होते. इथे एक दिशा चुकली की पुढे मैल न मैल पाणी, आणि बुडालेल्या जंगलाचे खुंट अजून पाण्याखाली उभे. सुदामभाऊ मोटरबोट काढायला तयार नव्हते. "दिखेगा नहीं दीदी. डोंगी पर ही चढ़ जाएगी तो?"

त्यांनी तोंडाशी हात धरून हाका मारल्या. कुंतीनं घरातून पितळी थाळी आणली आणि पळीनं वाजवू लागली. धुक्यात कुणी अडकलं की इथे असंच करतात, थाळीचा आवाज दूर जातो. मीही जीव खाऊन ओरडले. "अहो! अहोऽऽ!" पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला गप्प करणारा माझा आवाज. धुकं तो गिळत होतं. थाळी टणटणत राहिली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. पाण्यावरून काही उत्तर नाही.

आणि त्या टणटणाटात मला एकदम कळलं. कुणी सांगितल्यासारखं कळलं. कुकरची शिट्टी नाही, ट्रकमधून पडलेलं लोखंड हो. माझी हाक नाही, दुबेजींची घोगरी हाक हो. चक्रवाक नाही, इंजिन हो. यात ज्याचं-त्याचं ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. बारीक, उंच आवाज यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. माझा आवाज बारीक होता. बस, इतकंच होतं.

"थाळी नको!" मी कुंतीचा हात धरला. "इससे नहीं होगा. कुछ भारी चाहिए. मोटा आवाज."

"ढोल तो नहीं है दीदी."

घरामागे डांबराचं एक रिकामं लोखंडी पिंप पडलेलं मी पाहिलं होतं. ते आम्ही तिघांनी गडगडत काठाशी आणलं, उभं केलं. सुदामभाऊंनी बोट ढकलायचा बांबू दिला. मी दोन्ही हातांनी तो उचलला आणि पिंपावर हाणला. असा धुम्म आवाज निघाला की पायाखालची माती हलल्यासारखी वाटली. मी पुन्हा हाणला. पुन्हा. चार घरांतली माणसं बाहेर आली. सुदामभाऊ म्हणाले, "दीदी, मुझे दीजिए." मी दिला नाही. तळहात सोलवटले, कुंतीच्या चपला पायांतून निसटल्या, मी मारत राहिले. एक, आणि थोडं थांबून दुसरा. उगाच गडबड केली तर दिशा कळणार नाही, असं मनात येत होतं.

अर्धा तास गेला असेल. मी थांबून श्वास घेतला तेव्हा वल्ह्याचा आवाज आला. आम्ही ज्या बाजूला पाहत होतो तिथून नाही, पार उजवीकडून, जिथून पुढे नुसतं उघडं पाणी होतं. मग धुक्यातून यांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा.

"मंजू! काय फोडून राहिली एवढ्या सकाळी?"

मी बांबू टाकून दिला आणि खाली बसून रडले. डोंगा टेकला, हे उतरले. मफलर दवानं ओला, ओठ निळे पडलेले. मला जवळ घ्यावं की मारावं ते कळत नव्हतं, मी दोन्ही केलं. गावच्या लोकांसमोर.

कुंतीनं काळा चहा दिला. "धुकं आलं अन् कुद दिसेचना," हे म्हणाले. "मी चालवत राहिलो. मले वाटलं जवळ येऊन राहिलो. मग हा धुम्म ऐकला, तं तो पाठीमागून. मी उलटाच चाललो होतो."

"उससे पहले थाली नहीं सुनी, भैया?" कुंतीनं विचारलं.

"कोणती थाळी?"

कुंतीनं थाळी उचलली आणि यांच्या समोर धरून वाजवली. यांनी मान हलवली, ऐकू आलं. मग ती यांच्या पाठीमागे दहा पावलं गेली, वाजवली. "आता?" मी विचारलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते. थाळीकडे पाठ होती. ती पंधरा-वीस वेळा टणटणली आणि हे तसेच माझ्याकडे पाहत, पुढे काय होणार याची वाट पाहत उभे. सुदामभाऊंनी नजर खाली वळवली. कुंतीनं थाळी हळूच जमिनीवर ठेवली.

तिसरा दिवस, दुपार

धुकं दहाच्या सुमारास उठलं आणि त्यामागून वारा आला. आमच्या परतीची बोट चारला होती. आम्ही दक्षिणेच्या काठाला गेलो, जिथे मोठे काळे दगड आहेत आणि वारा असला की पाणी त्यांवर सारखं आपटत असतं. एकांताची अशी तेवढी एकच जागा. हळू बोलून चालणार नव्हतं आणि मोठ्यानं बोललेलं कुणी ऐकावं असंही मला वाटत नव्हतं.

"नुसतं ऐकू येत नाही असं नाही," हे स्वतःहून म्हणाले. "शांत झालं का कानात किर्र सुरू होते. रातकिडे भरल्यासारखं. चार वर्षं झाली. मिलमध्ये दबून राहते. घरीही गिरणी, गाड्या, त्यात दबते. इथं आल्यापासून मी फक्त तेच ऐकून राहिलो, मंजू. दोन रात्री डोळा नाही लागला. पहाटे वल्ह्याचा आवाज तरी होईल म्हणून डोंगा काढला."

"सांगितलं काहून नाही?"

हे दगडावरचं शेवाळ नखानं खरवडत राहिले. "मिलमध्ये कळलं तं शिफ्टवरून काढतील. सुपरवायझरले ऐकू येत नाही म्हटलं का संपलं. अन् रेवानं एवढ्या हौसेनं पाठवलं. तुले इथं एवढं बरं वाटून राहिलं. त्यात मी काय सांगू का मले ही शांतता सहन होत नाही?"

तीन दिवस मी ज्या गोष्टीनं फुलले होते, ती यांच्या डोक्यात चरकासारखी फिरत होती, आणि हे मफलर गुंडाळून गप्प बसले होते. माझ्यासाठी. आणि मी काय काय बोलले होते!

मग यांनीच विचारलं, "काल तू काय सांगत होती? तिकडे, पक्ष्यांपाशी. मले एक शब्द नाही आला ऐकू. तुझे ओठ हलत होते. मी हव म्हणून टाकलं. मग तू उठून गेली, तं समजलं का मी भलतंच हव म्हटलं."

मी यांच्यासमोर सरकून बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि पुन्हा सगळं सांगितलं. रेवाचं, रिकाम्या घराचं, भाजी चिरताना एकटीच बोलण्याचं. काल पाण्याकडे पाहत सांगितलं होतं, आज यांच्याकडे पाहून सांगावं लागलं. ते जास्त कठीण होतं. हे माझ्या ओठांकडे पाहत होते आणि मधे दोनदा म्हणाले, "थांब, हे पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

ऐकून झाल्यावर हे म्हणाले, "मग हाक नको मारत जाऊ. तिचा उपयोग नाही. हात लावत जाय. खांद्याले, कुठंही. मी पेपर ठेवीन."

रायपूरला आल्यावर आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो. किर्र जाणार नाही, पण यंत्र लावलं की कमी त्रास देईल, असं ते म्हणाले. मिलमध्ये सांगायचं की नाही यावर यांचं अजून ठरलेलं नाही. मी रोज विचारते आणि हे रोज 'हव' म्हणतात. जे कुणी त्या कुदावर जाणार असतील त्यांना एवढंच सांगते, की जाड स्वेटर न्या, चप्पल बांधून घाला, कुंतीची आंबिल दोनदा मागून घ्या. आणि सोबत जो असेल त्याला शांतता आवडते का, ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

पण तो दिवस अजून संपला नव्हता. बोलणं झालं तसं हे त्या दगडाला टेकले. पाणी दगडांवर आपटत होतं, मागे जात होतं, पुन्हा येत होतं. थोड्या वेळानं मी काही विचारायला वळले तर यांची मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. झोप लागली होती. दोन रात्रींची. ऊन यांच्या चेहऱ्यावर आलं तशी मी सरकून बसले, माझी सावली यांच्यावर पडेल अशी.

तीन वाजले, चार वाजले. सुदामभाऊ दगडांवरून येताना दिसले. मी बोट ओठांवर ठेवलं आणि मग माझं मलाच हसू आलं. जवळ येऊन ते हळूच म्हणाले, "दीदी, नाव तैयार है. अंधेरा होने से पहले निकलना पड़ेगा."

मी यांच्याकडे पाहिलं. छाती संथ वरखाली होत होती.

"कल सवेरे चलेंगे, भैया," मी म्हणाले. "अभी रहने दीजिए."

सुदामभाऊंनी मान डोलावली, डोक्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला, आणि आले तसेच पाय न वाजवता परत गेले. तो टॉवेल मी यांच्या छातीवर पांघरला आणि मागे टेकून बसले.